कॅमेरा परत कधी येतो?

३० जून २००१. मध्यरात्र उलटल्यावर चेन्नईच्या मैलापूर भागात ऑलिव्हर रोडवरच्या एका घरात पोलीस शिरले आणि ७७ वर्षांच्या माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधींना धरून घेऊन गेले. जयललिता मुख्यमंत्री होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. आरोप होता शहरातल्या उड्डाणपुलांच्या बांधकामात सुमारे १२ कोटींच्या भ्रष्टाचाराचा. सन टीव्हीचा कॅमेरा तिथे पोहोचला होता. वृद्ध नेत्याची ओढाताण आणि आपल्याला ठार मारताहेत हा त्यांचा आक्रोश त्या दिवशी तमिळनाडूनं पुन्हा पुन्हा पाहिला, मग देशानं पाहिला. केंद्रीय मंत्री मुरासोली मारन (करुणानिधींचे भाचे) आणि टी. आर. बालू यांनाही अटक झाली. सन टीव्ही मारन यांच्या मुलाची. नंतर जयललितांच्या बाजूच्या जया टीव्हीनं दुसरी फीत दाखवली. तिच्यात मारन पोलिसांना ढकलताना दिसत होते.

दोन्ही फितींतली दृश्यं खरी होती. त्यांतून उभा राहणारा पेच मैलापुरातल्याच एका मराठी घरातल्या दोघांच्या तोंडून इथे मांडला आहे. घर पिढ्यांपूर्वी तंजावरहून आलेलं. मामा एजी ऑफिसातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाची एका तमिळ वृत्तवाहिनीच्या रात्रपाळीच्या डेस्कवर.

मामा : तुमच्या बातम्यांबद्दलची माझी तक्रार त्या रात्रीपासूनची आहे. तुम्ही खोटं दाखवता असं मी म्हणत नाही. खरं दाखवूनही माणसाला अडाणी ठेवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भाची : पक्षपाताबद्दल म्हणत असाल, तर तो इथे कुणी लपवतच नाही मामा. २००७ मध्ये करुणानिधी आणि मारन बंधू यांच्यात बिनसलं, तर काही महिन्यांत करुणानिधींच्या बाजूची कलैञर टीव्ही उभी राहिली. कुठली वाहिनी कुणाची, हे आपल्या कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही ठाऊक असतं. लोक तेवढं वजा करून बघतात.

मामा : वजा करायला आधी पूर्ण रक्कम समोर लागते. दोन्ही वाहिन्या बघणारे किती?

भाची : थोडेच असतील. पण तुम्ही मला एक सांगा. ती वाहिनी त्या कुटुंबाची नसती, तर अशा अपरात्री ऑलिव्हर रोडवर कॅमेरा कोण नेणार होतं? दूरदर्शन? ज्याचं काही पणाला लागलेलं असतं तोच त्या वेळी जागा असतो. पोलीस मध्यरात्री येतात तेव्हा कुणी बघू नये हाही हेतू असतो. आणि तरी ते बघितलं गेलं. तो कॅमेरा हितसंबंधी होता, म्हणून तो नसलेला बरा, असं म्हणाल?

मामा : नाही म्हणवणार. तिथेच मी अडतो. आता तू मला सांग, उड्डाणपुलांच्या त्या प्रकरणाचं पुढे काय झालं?

भाची : नीट नाही सांगता येणार.

मामा : तू बातम्यांत काम करतेस आणि तुला सांगता येत नाही. लझ कॉर्नरला उभी राहून विचार. तो आक्रोश माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवेल. १२ कोटी गेले की नाही, गेले तर कुणाच्या खिशात, हे सांगणारा क्वचित भेटेल. अटक सूडाची होती की कायद्याची, हे समजायला आरोपात किती दम होता ते बघायला हवं होतं. एका वाहिनीनं एक फीत दाखवली, दुसरीनं दुसरी. भांडण त्या घराच्या चार भिंतींत राहिलं. पुलांकडे बघायचं राहूनच गेलं.

भाची : म्हणजे दृश्य प्रश्नाला गिळतं, असं तुमचं म्हणणं. नेहमी तसं होत नाही. २२ मे २०१८ आठवा. तूतुकुडीला स्टरलाइटच्या कारखान्याविरुद्ध मोर्चा निघाला, पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं मेली. साध्या कपड्यातला एक पोलीस गाडीच्या टपावर चढून रायफल रोखतोय, हे दृश्य वाहिन्यांवर गेलं. सरकारनं तीन जिल्ह्यांतलं इंटरनेट बंद केलं. ते दृश्य नसतं तर 'जमाव हिंसक झाला, नाइलाज होता' एवढंच सरकारी निवेदन उरलं असतं. पुढे न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोगानंही पोलिसांवर ठपका ठेवला. तिथे दृश्यानंच प्रश्न जिवंत ठेवला.

मामा : कबूल. मग या दोन दृश्यांत फरक काय ते शोधू. तूतुकुडीचं दृश्य बघून मनात येतं, गोळी चालवायचा हुकूम कुणी दिला? ऑलिव्हर रोडचं दृश्य बघून काही विचारावंसंच वाटत नाही. कोण बिचारा आणि कोण क्रूर, ते ठरून गेलेलं असतं.

भाची : पण तुम्ही हे इतक्या वर्षांनी बोलताय. डेस्कवर फीड येते तेव्हा तिच्यावर लिहिलेलं नसतं की ही प्रश्न जागा करणारी आणि ही झोपवणारी. पुढच्या क्षणाला ती पडद्यावर घ्यायची की नाही, एवढंच ठरवायचं असतं. तूतुकुडीचं दृश्यसुद्धा दोन दिवस दाखवून सोडून दिलं असतं, तर तेही नुसता थरार होऊन विरलं असतं.

मामा : मग फरक दृश्यात नसतोच. दाखवल्यानंतर तुम्ही काय करता, त्यावर ते ठरतं. हे मला आधी सुचलं नव्हतं.

भाची : मलाही बोलता बोलताच सुचलं. पण ते टिकतं का, बघायला हवं. मणप्पारैजवळच्या बोअरचं घ्या.

मामा : २०१९ ची दिवाळी.

भाची : हो. २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दोन वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. २९ च्या पहाटे मृतदेह बाहेर काढला. मधले सगळे दिवस सगळ्या तमिळ वाहिन्या तिथून हलल्या नाहीत. शेजारी समांतर खड्डा खणताहेत, खडक लागलाय, मंत्री उभे आहेत. तासन्‌तास नवं काही कळत नव्हतं आणि तरी कॅमेरा चालू. तुम्ही याला तमाशा म्हणाल.

मामा : तो शब्द नाही वापरणार. लोकांनी फराळ बाजूला ठेवून त्या पोरासाठी देवापुढे दिवे लावले. ती माया खरी होती, आणि ती तुमच्या कॅमेऱ्यानं जागवली.

भाची : आणि त्या आठवड्यात ठिकठिकाणी उघड्या बोअर बुजवायचे आदेश निघाले. म्हणजे उपयोगही झाला.

मामा : झाला. पण माझी नोकरी तपासणीची, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वापरात नसलेल्या बोअर कशा बंद करायच्या याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच दिले होते. मधल्या नऊ वर्षांत ते पाळले गेले का, हे बघायला किती कॅमेरे किती पंचायतींत गेले? आणि नंतर? आदेश निघाल्याची बातमी झाली. सहा महिन्यांनी आदेश पाळला गेला का, याची किती वाहिन्यांनी केली? जिथे नवं काही कळत नव्हतं तिथे तुम्ही तीन दिवस थांबलात. जिथे विचारलं की कळलं असतं, तिथे कुणी फिरकलं का?

भाची : तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण तसं का घडतं तेही ऐका. तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याच वाहिन्यांत पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात. दृश्य असेल तर बातमी लागते. झाकण लावलेल्या बोअरचं दृश्य कोण घेणार? तो स्वतःच्या पेट्रोलनं तिथे जाऊन येईल आणि हातात काही पडणार नाही. खड्ड्यावर लावलेल्या ओबी व्हॅनचा खर्च मात्र एकदाच होतो, मग चोवीस तास फुकट भरून निघतात. वर गुरुवारी रेटिंग येतं, तेही देशभरातल्या मोजक्या घरांतल्या मीटरवरून. एकटे आम्हीच खड्ड्यावरून हललो, तर लोक शेजारच्या वाहिनीवर जातात. तीन दिवस ते गेले तर जाहिरात जाते, आणि जाहिरात गेली की पंचायतीत पाठवायला माणूसच उरत नाही.

मामा : मग नियम करावा. मुंबईवरच्या हल्ल्यात २००८ साली वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली, आणि तिकडे सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ती बघून अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये केबल नियमांत बदल झाला आणि अशी कारवाई थेट दाखवायला बंदी आली. त्यानं पत्रकारितेचं काही बिघडलं नाही.

भाची : ती बंदी एका नेमक्या धोक्यापुरती होती, आणि जीव वाचवण्यासाठी होती, म्हणून ती पटते. 'किती दाखवावं' याचा सर्वसाधारण नियम सरकारच्या हातात दिलात, तर तो सगळ्यात आधी तूतुकुडीला लागेल. गोळीबारानंतर महिन्याभरात, जून २०१८ मध्ये, पुथिय तलैमुरै वाहिनीनं कोइमतूरला जाहीर चर्चा घेतली. पोलिसांनी वाहिनीवरच गुन्हा नोंदवला. या राज्यात सरकारची स्वतःची केबल कंपनीसुद्धा आहे. मी अतिरेक सहन करीन मामा, पण कॅमेरा कधी बंद करायचा हे पोलिसांनी सांगितलेलं नाही सहन करणार.

मामा : मीही नाही. पण मग सरकारनं ठरवायचं नाही, बाजार ठरवतो ते चुकीचं, आणि मालक पक्षाचा. उरलं कोण? आपल्याकडे 'मैलापूर टाइम्स' येतो बघ, १९९४ पासून. आठवड्याला एकदा, फुकट. मेट्रोच्या खोदकामानं कुठला रस्ता वळवला, कुठलं गटार तुंबलं, तळ्यात पाणी किती. थरार काही नाही. पण ज्या फुटपाथबद्दल लिहितात, त्याच फुटपाथवर पुन्हा येतात.

भाची : त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं, म्हणून येतात. आणि गल्लीतल्या दुकानांच्या जाहिराती त्यांना पुरतात. मुख्यमंत्र्यांच्या पोलिसांशी मध्यरात्री गाठ पडली, तर तो पेपर तिथे पुरा पडणार नाही. ओढाताण टिपायला मोठी वाहिनी लागते आणि पुलांचा हिशेब विचारायला गल्लीत राहणारा माणूस लागतो. दोन्ही एका ठिकाणी नाहीत, हे खरं दुखणं आहे.

मामा : मग पेच अधिक टोकदार करून विचारतो. आपण परत येणार नाही, हे ठाऊक असताना कॅमेरा न्यावा का? उद्या रात्री पुन्हा असंच एखादं घर, असंच कुणाला तरी उचललेलं. तुझ्या वाहिनीला फीत दाखवायची आहे आणि आरोपाच्या खोलात जायचं नाही, हे तुला आधीच माहीत आहे. फीत पडद्यावर घेशील?

भाची : घेईन.

मामा : सगळं समजून?

भाची : हो. कारण न घेतल्यानं पुलांचा हिशेब लागणार नाही, फक्त तो माणूस अंधारात जाईल. पण घेताना मी एक करू शकते, आणि त्याला ना पैसे लागतात ना ओबी व्हॅन. फितीबरोबर एक वाक्य द्यायचं. 'आरोप काय आहे ते एवढं आहे. तो खरा की खोटा, हे आम्ही अजून तपासलेलं नाही.' खड्ड्यावर थांबलो असताना, 'गेल्या दोन तासांत नवी माहिती नाही. २०१० च्या निर्देशांचं काय झालं, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.' परत जाता येत नसेल, तर कुठे जायचं राहिलं ते तरी प्रेक्षकाला सांगायचं. निदान त्याला कळेल की समोर दिसतंय ते अर्धं आहे.

मामा : लेखापरीक्षणात आम्ही हेच करायचो. जे कागद मिळाले नाहीत, त्यांची नोंद अहवालात करायची. ती नोंद नसेल तर न तपासलेलं तपासल्यासारखं दिसतं. पण पुरेसं आहे का हे? ५ डिसेंबर २०१६ ला जयललिता गेल्याची बातमी काही वाहिन्यांनी संध्याकाळीच दिली. पक्ष कार्यालयावरचा झेंडा खाली आला, रुग्णालयानं इन्कार केल्यावर पुन्हा वर गेला, आणि मृत्यू जाहीर झाला तो रात्री साडेअकराचा. तिथे तुझं वाक्य काय करणार होतं?

भाची : तिथेच त्याची सगळ्यात जास्त गरज होती. ७५ दिवस रुग्णालयाच्या पत्रकांखेरीज कुणाकडे काही नव्हतं. अशा वेळी 'आम्हाला हे कुणाकडून कळलं, आणि रुग्णालयानं अजून दुजोरा दिलेला नाही' एवढं जोडलं असतं, तर रस्त्यावर उभ्या माणसाला बातमी आणि कुजबुज वेगळी करता आली असती. सरकार गप्प बसतं तेव्हा आपल्याला ठाऊक नाही हे स्पष्ट सांगणं, हेही सरकारला प्रश्न विचारणंच आहे.

मामा : आणि मालकानं ते वाक्य काढून टाकलं तर? त्याच्या पक्षाच्या माणसावरचा आरोप 'तपासलेला नाही' असं त्याच्याच पडद्यावर तो कशाला येऊ देईल?

भाची : काढेल, बहुतेक वेळा. नोकरीही जाईल कधीतरी. तो धोका मी नाकारत नाही. पण वाक्य लिहिलं आणि वरून खोडलं गेलं, यात आणि ते कुणाला सुचलंच नाही यात मला मोठं अंतर दिसतं. खोडलं गेलं, तर न्यूजरूममधल्या चार जणांना कळतं की आज आपण काय वगळलं. ते लक्षात राहतं. त्यांच्यातला एखादा पुढे संपादक होतो, एखादा स्वतःचं काही सुरू करतो, एखादी त्या पंचायतीत स्वतःहून जाऊन येते. सुचलंच नाही, तर परत कुठे जायचं होतं हेच कुणाला माहीत नसतं, आणि मग पैसे आले तरी कुणी जात नाही.

मामा : म्हणजे पेच सुटला नाही.

भाची : सुटला नाही. कॅमेरा न्यायलाच हवा आणि नेल्यानं नुकसान होतंच, ही दोन्ही खरी राहतात. मला एवढंच ठरवता येतं की त्या नुकसानीची नोंद मी लपवणार नाही. आणि मामा, तुम्हालाही एक ठरवता येईल. खड्डा बघायला जितका वेळ बसता, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ सहा महिन्यांनी आम्हाला फोन करून विचारा की त्या बोअरचं काय झालं. डेस्कवर असे फोन येत नाहीत. दहा आले, तर संपादकाला मी ते दाखवू शकेन.