पराभवाचा अर्थ आणि कराराचा कोश

'पानिपत होणे' हा मराठीतील वाक्प्रचार 1761 च्या एका लढाईतून आला. भाषेत इतका खोल रुजलेला पराभव अर्थाची मागणी करतोच. बखरकार ती अनेकदा दैवाकडे बोट दाखवून पुरी करतात, त्र्यं. शं. शेजवलकर राजकीय व लष्करी कारणांकडे वळतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील चौथा अध्याय याच मागणीला नैतिक प्रश्नाचे रूप देतो.

पलिष्ट्यांशी झालेल्या पहिल्या लढाईत सुमारे 4,000 माणसे पडल्यावर परमेश्वराने आपला पराभव का होऊ दिला, असे इस्राएलाचे वडीलजन विचारतात. प्रश्न योग्यच आहे. परंतु उत्तराची वाट न पाहता ते शिलोहून कराराचा कोश रणभूमीवर आणवितात. आत्मपरीक्षणाची जागा साधन घेते. पुढच्या लढाईत 30,000 पायदळ पडते आणि कोशही शत्रूच्या हाती जातो. तथापि अश्दोदच्या देवळात त्याच कोशापुढे दागोनची मूर्ती कोसळते. सैन्याच्या पराभवाने देव हरत नाही. विजय हा सत्याचा पुरावा ठरत नाही.

तरीही पेच उरतो. दोष एलीच्या दोन पुरोहित पुत्रांचा, मरण मात्र हजारो अनामिकांचे. पापफलाची मीमांसा त्यांना न्याय देत नाही. दैववादही देत नाही, कारण तो कोणालाच जबाबदार धरीत नाही. पराभवाला अर्थ देऊ पाहणाऱ्याने तो अर्थ मृतांसमोर उच्चारता येईल काय, हे प्रथम तपासले पाहिजे.