देह नसताना

माणूस पुरात वाहून गेला, बोटीवरून परतलाच नाही, तर त्याचा पालाशविधी करतात. जुळे सोलापुरात पौरोहित्य करताना मीही केले आहेत. दर्भावर पळसाच्या 360 देठांचा पुतळा मांडायचा: डोक्याला 40, गळ्याला 10, दोन्ही हातांना मिळून 100. चरकाने माणसाची हाडंही तेवढीच मोजली आहेत. देठ मांडेपर्यंत घरचे गप्प असतात. कवटीच्या जागी नारळ ठेवला की आई हंबरडा फोडते.

आसरा चौकातल्या यजमानांचा मुलगा स्कॉटलंडला असतो आणि स्कापा फ्लोच्या थंडगार पाण्यात डायव्हिंग करतो. जर्मन आरमाराने 21 जून 1919 रोजी आपल्याच हातांनी बुडवलेल्या युद्धनौका तो पाहून आला. त्यांवरचे बहुतेक खलाशी नौका बुडण्याआधी उतरले होते. जवळच ब्रिटिश युद्धनौका ‘रॉयल ओक’ आहे. 14 ऑक्टोबर 1939 ला पाणबुडीच्या माऱ्याने ती आठशेहून अधिक माणसांसह बुडाली. तिथे उतरायला बंदी.

तो मला म्हणाला, “गुरुजी, आत्मा केव्हाच गेला. मग त्या लोखंडाला कसलं सोवळं?”

शास्त्राने त्याचं म्हणणं खोडता येत नाही. अस्थी आपणच चंद्रभागेत सोडतो. तिथे ते काम समुद्राने केलं. तरी ती बंदी मला योग्य वाटते. विधीने मृत मोकळा होतो, मागे राहिलेला होत नाही. पळसाचा पुतळा त्याच दिवशी जळून जातो, आणि आईला बोट दाखवायला जागा उरत नाही. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आपल्या नौदलाची ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन मुल्ला आणि जवळजवळ दोनशे जण तिच्याबरोबर गेले. त्यांच्या घरच्यांसाठी त्यांची खरी जागा ती नौकाच आहे. तिथे कोणी हौसेने टॉर्च फिरवावा हे मला सहन होणार नाही.

नुसतं उतरणं मात्र वाईट नव्हे. ‘रॉयल ओक’वर दरवर्षी नौदलाचे पाणबुडे जातात, नवा ध्वज लावून येतात. ती सेवा झाली.

मला खरा घोर आहे तो रत्नागिरीकडच्या खलाशांचा. बहुतेक मुसलमान, पोटासाठी इंग्रजांच्या बोटींवर गेले आणि पहिल्या महायुद्धात बुडाले. मुंबईत मस्जिद बंदराच्या इंडियन सेलर्स होममध्ये हिंदुस्थानातल्या अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं कोरलेली आहेत. त्यांच्या बोटींवर उतरताना परवानगी कोणाच्या घरी जाऊन मागायची? त्या मुलाला मी हेच विचारलं आहे.