नावाचा धनी कोण?

नाव हाक मारण्यापुरते असते, असे व्यवहार मानतो. सोनुबाईच्या हाती कथलाचा वाळा असला तरी तिला हाक मारताना कोणाचे अडत नाही. पण गावांच्या नावांचा हिशेब एवढ्यावर मिटतो का?

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, सदरलंड परगण्यात, 'फार' नावाचे एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. त्यातून नेव्हर नदी उत्तरेकडे वाहत समुद्राला मिळते; तिच्या रुंद खोऱ्याला स्ट्रॅथनेव्हर म्हणतात. नदीचे नाव इतके जुने, की दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते आढळते. परगण्याच्या नावाचा अर्थ मात्र 'दक्षिणेचा मुलूख'! ब्रिटनच्या उत्तर टोकाला दक्षिण कोण म्हणेल? त्याच्याही उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर वसलेले नॉर्स लोक म्हणाले. नावात जागेबरोबर पाहणाराही असतो. तो कुठे उभा होता, हे नाव सांगून जाते.

खोऱ्यातल्या रॉसल या वस्तीचे नावही नॉर्सच, 'घोड्यांचे कुरण' अशा अर्थाचे. ते देणारे लोक इतिहासजमा झाले. त्यांच्यामागून गेलिक बोलणाऱ्यांनी ते शतकानुशतके तोंडात खेळवले. अर्थ विसरला, पण नाव जगले, कारण तिथे चूल पेटत होती. चूल विझली ती एकोणिसाव्या शतकात. सदरलंडच्या जमीनदारीने मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी १८१४ आणि १८१९ साली हे खोरे रिकामे केले. घरे जाळल्याच्या आरोपावरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कुरण त्यानेच खंडाने घेतले होते. अखनलॉखी ही अशीच एक उठवलेली वस्ती. तिच्या नावातल्या 'अखग' या गेलिक शब्दाचा अर्थ शेत. नकाशावर अजून शेत आहे. जमिनीवर घरांचे नुसते चौथरे.

उठवलेल्यांपैकी काही जण समुद्राकाठी जिथे वसवले गेले, त्या गावाचे नाव बेटीहिल. बेटी म्हणजे एलिझाबेथ, सदरलंडची काउंटेस, त्या साऱ्या जमिनीची मालकीण. जिच्या नावाने घर गेले, तिचेच नाव नव्या घराच्या पत्त्यावर लिहायचे!

कोणी म्हणेल, नॉर्स लोकही जेतेच होते. त्यांच्या नावांतला दंश काळाने काढला, तसा बेटीहिलचाही काढील. या म्हणण्यात तथ्य आहे. पण रॉसलचा दंश काळाने नव्हे, तिथे नांदणाऱ्या माणसांनी काढला. परक्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या उच्चारून त्यांनी ते आपले केले. १८७० च्या दशकात सरकारी मोजणीदार नावे टिपायला आले, तेव्हा स्पेलिंगसाठी त्यांनी मालक, कारभारी, पाद्री, शाळामास्तर अशांची साक्ष घेतली. मीही मास्तरच, वहीत अक्षर नीट पडले की नाव सुरक्षित झाले, असे आम्हांला फार लवकर वाटते. वही नावाला सांभाळते खरी, पण जगवीत नाही.

मग बेटीहिल पुसून टाकावे काय? मला तसे वाटत नाही. अन्यायाचे नाव पुसले तर अन्यायाचा साक्षीदारही जातो, आणि त्याचा फायदा अन्याय करणाऱ्यालाच होतो. शिवाय लोकांनी आपला उपाय केव्हाच केलेला आहे. गेलिकमध्ये त्या गावाला बेटीचे नावच नाही. तिथे ते 'छोटेसे करडे मैदान' आहे. मालकिणीला नकाशा मिळाला, जमिनीला तिचा रंग.

नाव ठेवण्याचा अधिकार सत्तेला मिळतो, हे जगात चालत आले आहे. नाव टिकवण्याचे श्रम मात्र नांदणारे करतात, आणि माझ्या मते धनी तेच. आपण परके वाचक. आपल्या वाट्याला एकच कर्तव्य येते. गावाचे नाव वाचले की ते कोणी ठेवले एवढ्यावर न थांबता, ते कोणाच्या तोंडी होते आणि ती तोंडे कुठे गेली, हेही विचारावे.