दुसऱ्यांदा आलेला देवदूत



एलिया संदेष्ट्याची ती गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. 'ब' वर्षात सामान्य काळातील 19 व्या रविवारी पहिल्या वाचनात ती येते (1 राजे 19). कार्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांना हरवणारा हा धाडसी माणूस ईजबेल राणीची धमकी ऐकून पळत सुटतो. बैर-शेबा येथे तो आपल्या सेवकाला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. मग तिथेच झोपी जातो. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि उठून खायला सांगतो. उशाशी भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पितो.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. पण पुढचे वाक्य आपण घाईने वाचून जातो. खाऊन-पिऊन झाल्यावर एलिया पुन्हा आडवा होतो. देवदूताचा हात अंगाला लागला, देवाने पाठवलेली भाकर पोटात गेली, तरी माणूस पुन्हा निजला.

आज आम्हांला या 'पुन्हा'विषयी बोलायचे आहे. डिप्रेशन, म्हणजे नैराश्याचा आजार, एकदा बरा होऊन परत येतो, आणि कधी कधी तर औषधोपचार चालू असतानाच परत येतो, तेव्हा काय करावे?

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तिथली एक घटना सांगतो. त्या भगिनीची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये इतका तपशील बदलला आहे. घरची मोगऱ्याची वाडी. पहाटेची लोकल पकडून दादरच्या बाजारात फुले नेणारी ही बाई. एका वर्षी तिचे उठणेच थांबले. कळ्या खुडायला कोणी नाही म्हणून त्या झाडावरच उमलून वाया जाऊ लागल्या. घरच्यांनी डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या, आणि सात-आठ महिन्यांत ती पुन्हा लोकलने जाऊ लागली. आम्हांला फार आनंद झाला. प्रायश्चित्तकाळातील तपसाधनेत आम्ही तिला साक्ष द्यायला सांगितले. ती मायकवर बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या.

पुढच्या पावसाळ्यात आजार परत आला. ती मिस्साला येईनाशी झाली. आम्हांला वाटले, कामात असेल. दोन महिन्यांनी तिचा नवरा भेटायला आला आणि म्हणाला, "फादर, तिला आजाराची जेवढी भीती वाटत नाही, तेवढी तुमच्यासमोर यायची वाटते."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसल्यावर आम्ही विचारले, "गोळ्या घेता ना? जपमाळ म्हणता ना?" ती हळूच म्हणाली, "दोन्हींत खाडा नाही, फादर." थोड्या वेळाने म्हणाली, "मी मायकवर सगळ्यांपुढे सांगितलं की देवाने मला बरं केलं. आता मी खोटी पडले, की देव खोटा पडला?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे. त्या ओटीवर त्यातले एक वाक्यही कामाला आले नाही. आम्ही गप्प बसलो. परत येताना मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. तिच्या डोक्यावर आजाराचे ओझे होतेच, त्यावर साक्षीचे ओझे आम्ही ठेवले होते. आजार बरा झाला की तो कायमचा गेला, असे आम्ही मानले आणि तिच्याकडून वदवून घेतले. चूक तिची नव्हती, आमची होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुढे बेथानीच्या लाजराने दिले. प्रभू येशूने त्याला कबरेतून उठवले. तोच लाजर पुढे कधीतरी वारलाही असेल आणि त्याच्या बहिणी पुन्हा रडल्या असतील. म्हणून प्रभूने त्याला उठवले ते खोटे होते का? बहिणींनी त्याच्यासोबत जेवलेली जेवणे खोटी होती का? या जगातले प्रत्येक बरे होणे हे लाजराच्या उठण्यासारखे आहे. ते खरे असते, पण शेवटचे नसते. शेवटचे उठणे प्रभूने आपल्यासाठी राखून ठेवले आहे. बहीण खोटी पडली नव्हती आणि देवही नाही. पावसाळा परत आला म्हणून मधला उन्हाळा पडलाच नव्हता, असे आपण म्हणत नाही.

डॉक्टर काय सांगतात तेही आपण जाणून घेतले पाहिजे. हा आजार मुळातच परत येण्याचा स्वभाव असलेला आहे. एकदा होऊन बरे झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना तो पुन्हा कधीतरी गाठतो, आणि जितक्या वेळा येऊन गेला असेल तितकी परत येण्याची शक्यता वाढते. औषध चालू ठेवल्याने धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. औषध चालू असताना आजार परत आला, तर डॉक्टरांकडे अनेक वाटा असतात. गोळीचा डोस बदलता येतो, दुसरे औषध देता येते किंवा जोडीला आणखी एक देता येते, थायरॉईडसारखा दुसरा आजार आहे का ते तपासता येते, समुपदेशन सुरू करता येते. नव्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. एक औषध लागू पडले नाही म्हणजे सगळी औषधे संपली असे नाही. मधुमेही माणसाची साखर गोळी चालू असताना वाढली, तर आपण त्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असे म्हणत नाही. मग मनाच्या आजाराला हा वेगळा न्याय का?

बेनसिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय घरी जरूर वाचावा. वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली आहेत, अशी शिकवण तिथे आहे. प्रार्थना आणि वैद्य यांना तो ग्रंथ शेजारी शेजारी बसवतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या मोठ्या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. आनंद देणाऱ्या गोष्टी, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान! 13 व्या शतकातल्या या महापंडिताला अंघोळीचा उल्लेख करायला कमीपणा वाटला नाही. ते दुःखाविषयी लिहीत होते, आजच्या अर्थाच्या आजाराविषयी नव्हे. पण शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस होतो, ही त्यांची शिकवण आपल्याला इथेही उपयोगी पडते.

आता पुन्हा त्या झुडपाखाली जाऊ या. एलिया पुन्हा निजला, तेव्हा देवाने काय केले? देवदूत दुसऱ्यांदा आला. त्याने रागावून विचारले नाही की आता तर खाल्लेस ना, मग का निजलास? त्याने पहिल्यासारखाच स्पर्श केला, तेच अन्न पुढे केले, आणि वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे, असे सांगितले. म्हणजे वाट अवघड आहे, हे देवानेच मान्य केले. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब पर्वतावर पोहोचला. तिथेही त्याने आपले तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतले, त्याला काम दिले आणि अलीशासारखा सोबती दिला.

म्हणून ज्यांचा आजार परत आला आहे, त्यांना आमचे सांगणे आहे. पहिले, लपवू नका. झोप मोडणे, पहाटे लवकर जाग येऊन मन जड होणे, माणसे टाळावीशी वाटणे, ही आपली पूर्वीची लक्षणे दिसू लागताच डॉक्टरांना कळवा. दुसरे, निराश होऊन किंवा कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या एकाएकी बंद करू नका. अगदी आमच्यासारख्या धर्मगुरूने सांगितले तरी करू नका. तिसरे, प्रार्थना जमत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ख्रिस्तसभेने ते आपल्या प्रार्थनेतून वगळलेले नाही. गेथशेमनी बागेत खुद्द प्रभूने तीच प्रार्थना तीनदा केली. तुमच्या वतीने जपमाळ म्हणायला आम्ही आहोत.

घरच्यांना सांगणे थोडेच आहे. 'परत कसं झालं?' असे विचारू नका. 'जेवलीस का?' असे विचारा. देवदूताने तेच केले.

आणखी एक अवघड गोष्ट. एलियाप्रमाणे मरण मागावेसे वाटत असेल, तर ते कोणाला तरी आजच सांगा. टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते. जिथे हे दुःख आधीच घडून गेले आहे, त्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे : गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसाच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ शिकवतो (क्र. 2282-2283). ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

मनोरुग्णालयाची ज्यांना लाज वाटते, त्यांनी संत लुई मार्टिन यांची आठवण ठेवावी. छोट्या तेरेजाचे हे वडील 1889 पासून तीन वर्षे फ्रान्समधील काँ शहरातल्या मनोरुग्णालयात होते. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पत्नी झेली यांच्यासह संत म्हणून घोषित केले.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? डॉक्टरांनी औषध बदलले, समुपदेशन सुरू केले. तीन महिने लागले. ती पुन्हा मिस्साला येऊ लागली, मागच्या बाकावर बसू लागली. आम्ही तिला पुन्हा कधी साक्ष द्यायला सांगितले नाही. दोन वर्षांनी एका सकाळी तिचाच फोन आला. "फादर, ते परत आलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही तैलाभ्यंग द्याल का?" आजार पुन्हा गंभीर झाला तर हा संस्कार पुन्हा घेता येतो, हे तिने कुठेतरी ऐकले होते. आम्ही तेलाची कुपी घेतली आणि निघालो. या वेळी तिने आम्हांला ओटीवर नाही, आत बोलावले.

प्रार्थना करू या : हे प्रभो, जे पुन्हा निजले आहेत त्यांच्याकडे तुझा देवदूत दुसऱ्यांदा पाठव, तिसऱ्यांदाही पाठव. त्यांच्या उशाशी भाकर आणि पाणी ठेवणारे हात आमचे असू देत. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू