घेणाऱ्याचा चेहरा

आमच्या मोहल्ल्यात जुमेरात हा खैरातीचा दिवस. लहानपणी कुंडलच्या पेठेत दर जुमेरातीला लोबानचा धूर करीत एक फकीरबाबा यायचे. दुकानदार गल्ल्यातून चार आणे, आठ आणे काढायचे आणि बाबांच्या हातात न बघता ठेवायचे. ते ‘न बघता’ महत्त्वाचं होतं, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

आता माझी जुमेरातीची संध्याकाळ एका सेवा-क्लबात जाते. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून शेजारच्या गावच्या क्लबाचा सदस्य झालो. आठवड्याला एक बैठक. घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, वाढदिवसांना टाळ्या पडतात, एखाद्या पाहुण्याचं भाषण होतं, मग चहा आणि पोहे. नेत्रतपासणी, रक्तदान, झाडं लावणं, वह्यावाटप असे उपक्रम वर्षभर चालतात.

मोहल्ल्यातले एक दोस्त मला नेहमी टोचतात. म्हणतात, “मास्तर, तिथं जाऊन करता काय? चहा प्यायचा, टाळ्या वाजवायच्या आणि पेपरात फोटो आणायचा. सदका करायचा तर मशिदीच्या कोपऱ्यात कुणाला न सांगता करावा. ही सगळी रियाकारी.” मी हसून वेळ मारून न्यायचो. पण 2019 च्या पुरानंतर एक गोष्ट घडली आणि त्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेनं काय केलं ते सांगली जिल्ह्याला सांगायला नको. कुंडल नदीपासून आत, डोंगराच्या बाजूला. आमच्याकडे पाणी आलं नाही. पण आमच्याच पलूस तालुक्यात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. चार दिवसांनी, 12 ऑगस्टला बकरी ईद होती. त्या ईदला अनेकांनी कुर्बानीच्या खर्चातली रक्कम पूरग्रस्तांकडे वळवली. उंचावरच्या गावांतून भाकरीची गाठोडी जात होती. कुणी थापली, कुणी बांधली, कुणी विचारत नव्हतं. त्याच दिवसांत मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्याचीही चर्चा महाराष्ट्रभर झाली. आम्हीही त्या प्रकारावर तावातावानं बोललो.

पाणी ओसरल्यावर आमच्या क्लबानं संसार वाहून गेलेल्या काही बायांना शिलाई मशीन द्यायचं ठरवलं. त्यातली एक बाई पूर आलेल्या गावातून भावाच्या आधारानं आमच्याच मोहल्ल्यात राहायला आलेली. विधवा, पदरात दोन मुली. नाव मीच सुचवलं. कार्यक्रम झाला. आम्ही पाच-सहा जण मशीनला हात लावून उभे, मध्ये ती बाई, मान खाली. “भाभी, जरा इकडं बघा,” असं फोटोसाठी मीच म्हणालो. तिनं वर पाहिलं. तो फोटो एका स्थानिक पत्रात आला आणि मोबाईलवरून गावभर फिरला.

पुढच्या जुमेरातीच्या आत मशीन परत आलं. तिचा भाऊ टेम्पोत घालून घेऊन आला आणि माझ्या दारात उतरवून गेला.

क्लबात बऱ्याच जणांना राग आला. “गरज नव्हती तर घेतलं कशाला?” “एवढा तोरा?” मी तिच्या घरी गेलो. ती दाराआडून शांतपणे म्हणाली, “गुरुजी, मशीन चांगलं होतं. पण थोरलीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. त्या लोकांनी फोटो बघितला. मला आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

मी परत आलो. वाटेत मला 1972 चा दुष्काळ आठवला. शाळेत सुकडी मिळायची. एकदा बाहेरगावच्या काही दानशूर मंडळींनी वह्या वाटल्या. गरीब मुलांची नावं माईकवरून पुकारली, बापाच्या नावासकट. अब्बा पिंजारी, कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, एवढंच त्यांना येत होतं. माझ्या हातातली वही बघून ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी धनुकली खांद्यावर टाकून शाळेत गेले आणि हेडमास्तरांच्या खोलीतली गादी आणि लोड उसवून, पिंजून, पुन्हा भरून दिले. पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला वाटलं, अब्बा उपकार फेडताहेत. आता वाटतं, ते उपकार फेडत नव्हते, आपली जागा परत मिळवत होते. घेणारा म्हणून ज्या शाळेत त्यांचं नाव पुकारलं गेलं, तिथं त्यांना देणारा म्हणूनही एकदा उभं राहायचं होतं.

मग माझ्या दोस्ताचं म्हणणं खरं मानायचं का? दान लपूनच करावं आणि क्लबाचा राजीनामा द्यावा का? कुंडलच्या माणसाला लपून केलेल्या मदतीचं मोल कुणी शिकवायला नको. आमचं गाव औंध संस्थानातलं. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे एक मुख्य ठिकाण. जी. डी. बापू लाड इथलेच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगार लुटला गेला, त्या धाडीत तूफान सेनेची माणसं होती. पण या इतिहासाचा मोठा भाग कुठंच लिहिलेला नाही. भूमिगत माणसं रानात होती, तर त्यांच्यापर्यंत भाकरी कुणाच्या घरून जात होती? रात्री कुणाची कडी वाजत होती? देणाऱ्यानं नाव सांगितलं तर त्याच्या घरावर धाड, घेणाऱ्याचं नाव सांगितलं तर त्याला तुरुंग. दोघांचाही चेहरा अंधारात राहिला, म्हणून ती चळवळ टिकली.

आपल्या धर्माची शिकवणही हीच आहे. उघड केलेलं दानही चांगलं, पण गरिबाला गुपचूप दिलेलं अधिक चांगलं, असं कुरआन सांगतो. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, इतकं लपवून देणाऱ्याची हदीसमध्ये तारीफ आहे. पण उघड दानाला मनाई नाही, ही गोष्ट आपण विसरतो. मग कधी उघड करावं आणि कधी झाकावं?

याचं उत्तर मला पोलिओच्या कामात सापडलं. सेवा-क्लबांची ही पद्धत शिकागोची. 23 फेब्रुवारी 1905 ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन ओळखीच्यांना घेऊन रोटरीची पहिली बैठक घेतली. आज याच्या कचेरीत, पुढच्या वेळी त्याच्या, अशी बैठक आळीपाळीनं फिरायची, म्हणून ते नाव. 1917 मध्ये लायन्स आले. 1929 मध्ये मुंबईत रोटरी क्लब सुरू झाला. 1985 पासून रोटरीनं जगातून पोलिओ घालवण्याचं काम अंगावर घेतलं. आपल्या देशात त्या लसीबद्दल नाही नाही त्या अफवा होत्या. मुस्लिम वस्त्यांत तर फारच. डोस पाजला की पुढं मूल होत नाही, असं बोललं जायचं. उत्तर प्रदेशात सरकारी गाडी दिसली की दारं लागायची. तेव्हा रोटरीनं तिथं उलेमांची समिती केली. मौलाना, मुदर्रिस, मोहल्ल्यातले डॉक्टर पुढं आले आणि त्यांनी लोकांना भरवसा दिला. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. 27 मार्च 2014 ला आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

ही माणसं तोंड लपवून बसली असती तर ते काम झालं नसतं. तिथं चेहरा दाखवणं हीच सेवा होती. आपल्या नावाची पत त्यांनी पणाला लावली. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक त्यांच्याच दारात येणार होते.

मला फरक कळला तो इथं. देणाऱ्यानं स्वतःचा चेहरा द्यावा, जिथं त्याच्या ओळखीनं कुणाचं भलं होत असेल तिथं जरूर द्यावा. पण घेणाऱ्याचा चेहरा घेऊ नये. त्या फोटोत आम्ही बाईला एक मशीन दिलं आणि बदल्यात तिची अब्रू घेतली. ते दान नव्हतं, सौदा होता, आणि भाव आम्हीच ठरवला होता.

हे मी पुढच्या बैठकीत बोललो. माझी चूक आधी कबूल केली. वाद झाला. खजिनदारांचं म्हणणं वाजवी होतं. ते म्हणाले, “पैसे देणारे पुरावा मागतात. फोटो नसेल तर मशीन दिलं कशावरून?” त्यांची नियत मी जाणतो, ते एका पैशाचा घोळ होऊ देत नाहीत. पण पुरावा हिशेबाचा हवा. बिल आहे, पावती आहे, दोन सदस्यांची सही आहे. बाईची खाली गेलेली मान हा कसला पुरावा? शेवटी मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, असं ठरलं. पण सगळ्यांच्या मनानं नव्हे. दोन सदस्यांनी पुढं येणं कमी केलं. असं खर्च न दिसणारं काम वर पाठवायच्या अहवालात उठत नाही, ही त्यांची तक्रार अजून आहे.

पण नुसता फोटो बंद करून प्रश्न सुटत नाही. खोलात गेलो तर तो सदस्यत्वाचा प्रश्न आहे. रोटरीत सुरुवातीचा नियम असा, की एका व्यवसायाचा एकच सदस्य घ्यायचा. म्हणजे एक वकील, एक कोळसेवाला, एक छपाईवाला. कल्पना चांगली, सगळ्या धंद्यांची माणसं एका टेबलाशी यावीत. आपल्या गावगाड्यातही प्रत्येक धंद्याचा माणूस ठरलेला होता. त्यात मुलाणीही होता. पण त्याला बलुतं खळ्यावर मिळायचं, चावडीवर शेजारी बसायला मिळायचं नाही. आमच्या क्लबात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, खतांचे दुकानदार आहेत, द्राक्षबागायतदार आहेत. पिंजारी नाही, शिकलगार नाही, ऊसतोड करणारा नाही. ती माणसं आमच्या यादीत आहेत, पण लाभार्थींच्या. बायकांचंही तसंच. अमेरिकेत 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि 1989 मध्ये रोटरीनं आपल्या घटनेतून स्त्रियांना असलेली आडकाठी काढली, तोवर त्या फक्त सदस्यांच्या ‘मिसेस’ होत्या.

मोहल्ल्यातले काही जण विचारतात, आपली जमात असताना गैरांच्या क्लबात कशाला? त्यांना मी हिल्फुल फुजूलची आठवण देतो. (त्या नावातला ‘फुजूल’ म्हणजे आपला वायफळ नव्हे, त्याचा संबंध चांगुलपणाशी आहे.) मक्क्यात एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन तिथल्या एका बड्या माणसानं पैसे बुडवले. तेव्हा काही घराण्यांची माणसं अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की, जुलूम झालेला कुणीही असो, आपण त्याच्या बाजूनं उभं राहू. तरुण मुहम्मद (स.) त्या करारात होते. पुढं पैगंबरी मिळाल्यावरही ते म्हणाले की, आजही तसं बोलावणं आलं तर मी जाईन. मला त्या कराराची एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी त्या परक्या व्यापाऱ्याला खैरात दिली नाही. त्याचा हक्क त्याला मिळवून दिला आणि ताठ मानेनं परत जाऊ दिलं.

त्या बाईचं पुढं काय झालं, ते सांगायला हवं. क्लबाचं मशीन तिनं पुन्हा घेतलं नाही. मी दोनदा विचारलं. ती मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीत गेली. दर आठवड्याला दहा-बारा बायका ठरलेली रक्कम टाकतात आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम मिळते. व्याज नाही, अध्यक्ष नाही, बॅनर नाही. बैठकही आज हिच्या घरी, पुढच्या आठवड्यात तिच्या. पॉल हॅरिसची पहिली बैठकही अशीच फिरायची. कधीतरी तिची भिशी लागली आणि तिनं मशीन आणलं. तिथं ती लाभार्थी नाही. या आठवड्यात घेते, पुढच्या आठवड्यात दुसरीसाठी टाकते. तिची गैरहजेरी लागते, तिची वाट पाहिली जाते.

माझ्या दोस्ताला मी आता एवढंच सांगतो की, क्लब सोडणार नाही. दर आठवड्याला ठरल्या वेळी जाणं ही छोटी गोष्ट नाही. थोडं पण नेमानं केलेलं काम अल्लाहला अधिक आवडतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. 2016 पासून रोटरीनं बैठक दर आठवड्याला घेण्याचं बंधन सैल केलं. मला मात्र ते बंधनच आवडतं. पण तिथं बसताना मी एक हिशेब करतो. गेल्या वर्षी आम्ही ज्यांना काही दिलं, त्यांतला कितीजणांना या टेबलाशी खुर्ची दिली? आतापर्यंतचं उत्तर एक. मोतीबिंदूच्या शिबिरात ऑपरेशन झालेला एक पंक्चर काढणारा गडी आता आमचा सदस्य आहे. वर्गणी तो हप्त्यानं भरतो. शिबिराच्या दिवशी म्हाताऱ्यांना हात धरून आत तोच नेतो, कारण डोळ्यावर पट्टी बांधल्यावर माणसाला कशाची भीती वाटते ते आमच्यात त्यालाच माहीत आहे.

परत आलेलं मशीन अजून क्लबाच्या खोलीत आहे. दुसऱ्या कुणाला देऊन टाकू, असं अधूनमधून कुणीतरी सुचवतं. मी म्हणतो, देऊ. पण आधी तिला इथं एक खुर्ची देऊ.