आप्तवाक्य आणि फुकटचा निरोप

फुकट मिळणारे साधन घ्यावे की टाकावे, असा प्रश्न अलीकडे कीर्तन आटोपल्यावर आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत केळीवाले शेतकरी असतात, शाळामास्तर असतात, घरच्या लेकीसुनाही असतात. साधन म्हणजे हातातला मोबाईल आणि त्यावरची व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब ही बिनपैशाची माध्यमे. वृद्ध मंडळी म्हणतात, "महाराज, ही कलीची माया. हिला शिवूच नये." तरुण म्हणतात, "दाम लागत नाही, मग वापरायला हरकत कसली?" या दोन्ही पक्षांचा विचार करून जे निष्पन्न होते, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला पक्ष आम्हांस मान्य नाही. आमच्या रावेर-यावल भागाचा संसार केळीवर चालतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने रोजचा भाव कळत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात आज काय भाव निघाला, हे पूर्वी व्यापारी सांगेल तेव्हा कळायचं, आणि तो सांगेल तेच खरं धरावं लागायचं. आता घड कापण्याआधी भाव बांधावर येतो. सातबारा घरबसल्या पाहता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' नावाचे साधन आसपास वीज पडण्याचा धोका आधी कळवते. उघड्या रानात निंदणी करणाऱ्या बाईचा जीव त्याने वाचू शकतो. मुंबई-पुण्यास पोटासाठी गेलेला मुलगा आईला रोज डोळ्यांनी दिसतो. ज्याला पोथी विकत घेणे जमत नाही, त्याला ज्ञानेश्वरी त्याच फोनवर वाचता येते. इतक्या उपयोगी वस्तूस सरसकट माया म्हणून झिडकारणे, हा विवेक नव्हे.

मग तरुणांचा पक्ष खरा काय? तोही पुरता नाही. कारण 'फुकट' हा शब्द एक असला तरी त्याचे अर्थ दोन आहेत. एक फुकट सदावर्ताचे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर लिहिणारे मोबदला घेत नाहीत, त्यावर जाहिरात नाही, खर्च लोकांच्या देणगीतून चालतो. हे दान होय. दुसरे फुकट व्यापाराचे. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. आरंभी कित्येक ठिकाणी त्याला वर्षाकाठी एक डॉलर पडत असे. तेही २०१६ साली माफ झाले. मधल्या काळात, २०१४ साली, फेसबुकने ती कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. एवढे द्रव्य मोजणारा सदावर्त घालायला बसत नाही. कुठे जाहिरातीवर, कुठे मोठ्या दुकानदारांच्या निरोपांवर तो आपली वसुली करतो. जाहिरातीचे गणित तर असे की, आपली नजर जितकी अधिक वेळ पडद्यावर खिळेल तितकी त्याची कमाई अधिक. म्हणजे आपण दाम देत नाही, लक्ष देतो. ज्या मनाला एका ठिकाणी बसवण्यासाठी माळ घातली, तेच मन आपण येथे घटकाघटकाने मोजून देत आहोत, एवढे ओळखले तरी पुष्कळ.

परंतु हा तोटा ज्याचा त्याने भरायचा आहे. याहून मोठा तोटा असा की, फुकटाची किंमत कधी कधी भलताच माणूस चुकवतो. याचे उदाहरण आपल्याच खानदेशात घडले आहे. ते सांगताना जीभ जड होते, पण सांगितले पाहिजे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. तेथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने मारून मारून ठार केले. कारण काय? मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत फोनवरून गावोगाव पसरले होते. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते आणि बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढे म्हणजे चोखोबांचे आणि दामाजीपंतांचे. नाथपंथ म्हणजे निवृत्तिनाथांना ज्या गहिनीनाथांकडून उपदेश मिळाला त्यांचा पंथ. आषाढी एकादशी अवघी बावीस दिवसांवर आली होती. आपल्याच गुरुघरचे भिक्षेकरी आपल्याच मुलखात आले आणि परत गेले नाहीत.

त्या गावाला दोष देऊन आपण सुटू नये. लेकरांची काळजी कोणाला नसते? ती काळजी खरी होती, बातमी खोटी होती. त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची कथा पाहा. दोघे जण मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मुळात ती कराचीत, मुलांना जपा असे लोकांना बजावण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवटच कापला. सावध करणारी वस्तू अशी घातकी झाली.

येथे शास्त्राकडे वळू. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानते, पण कोणाच्या शब्दाला? आप्ताच्या. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो. आता आपल्या मराठीत आप्त म्हणजे काय? नातलग! सगळा घोटाळा या एका शब्दात साठला आहे. फोनवर निरोप येतो तो मामाकडून, मेहुण्याकडून, दिंडीतल्या भावाकडून. पाठवणारा नात्याने आप्त असतो, म्हणून त्याचे वाक्य शास्त्रातले आप्तवाक्य आहे असे आपण धरून चालतो. पण मामाने ते पाहिलेले नसते. त्याला ते दुसऱ्याने पाठवले, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. शंभर हातांतून आलेल्या निरोपाला शंभर साक्षी मिळाले असे वाटते. वस्तुतः त्याला एकही साक्षी नसतो.

कोणी शंका घेईल, "आमचा हेतू चांगला होता. लोक सावध व्हावेत म्हणून पाठवलं. यात पाप कसलं?" यास उत्तर असे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. तेथे वाक्य सत्य हवे, प्रिय हवे, हितकर हवे आणि ऐकणाऱ्याच्या मनात क्षोभ उठवणारे नको, अशी सारी लक्षणे एकत्र मागितली आहेत. हेतूने फार तर हितबुद्धी सिद्ध होते, सत्य सिद्ध होत नाही. पूर्वी तार करायची तर शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस शब्द तोलूनमापून लिही. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता बोट लावले की निरोप दोनशे घरी जातो आणि तोलण्याचे कारणच उरत नाही. खर्च गेला, त्याबरोबर विचारही गेला.

आपल्या संप्रदायाला हे दुखणे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरवताना पाठ बिघडत गेले, पदरच्या ओव्या आत शिरल्या. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी पाठ तपासून ग्रंथ शुद्ध केला. उतरवणारे लबाड नव्हते, भाविकच होते. तरीही शोधन करावे लागले. कीर्तनात आम्ही प्रमाण दिल्यावाचून सिद्धान्त मांडत नाही. मांडला तर मागचे टाळकरीच तोंडाकडे पाहतात. मग फोनवर तेच टाळकरी प्रमाण का मागत नाहीत?

कोणी म्हणेल, कंपनीने बंदोबस्त करावा. तिने काही केले आहे. जुलै २०१८ मध्येच पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण उमटू लागली आणि एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठवता येईल असा निर्बंध आपल्या देशात आला. २०२० साली, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. पण यंत्र संख्या मोजते, सत्य मोजत नाही. शिवाय २०१६ पासून हे निरोप बंद पाकिटासारखे जातात. आतला मजकूर वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. खाजगी बोलणे खाजगी राहते, हे चांगलेच. पण मग तपासणारे दोघेच उरले: पाठवणारा आणि घेणारा.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. निरोप पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावे. हे पाठवणाऱ्याने स्वतः पाहिले आहे काय? ज्याच्याविषयी हे लिहिले तो समोर उभा असता तर आपण त्याच्या तोंडावर बोललो असतो काय? हे खोटे ठरले तर भरपाई कोण करील? एकाचेही उत्तर मिळाले नाही तर निरोप तेथेच थांबवावा, आणि पाठवणाऱ्या मामाला न दुखवता विचारावे, "मामा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

अखंड सप्ताहात वीणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवत नाहीत. जो घेतो तो पुढच्या पहाऱ्याला बांधला जातो. निरोपाचेही तसेच आहे. तो हाती घेतला की पहारा आपला. आपली वारी तर अनोळखी गावांच्या ओसऱ्यांवर मुक्काम करीत चालते. अनोळखी माणसाला पाहून दार उघडणारे गाव आहे, म्हणून वारी आहे. खोट्या निरोपाने ते दार बंद होते. उद्या आपल्या गावात झोळी घेऊन कोणी परका उभा राहिला, तर त्याला आधी पाणी द्यावे आणि मग गाव विचारावे. फोन खिशात राहू द्यावा.