नावामागचा पक्षी

स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेवगा आहे. त्याची एक फांदी वाळून गेली होती, आणि एका फेब्रुवारीत तिथे तांबटाची जोडी आली. चिमणीहून थोडा मोठा, गुबगुबीत हिरवा पक्षी. कपाळावर आणि छातीवर लाल रंग, गळा पिवळा. दोघांनी आळीपाळीने चोच मारून फांदी पोखरायला घेतली. भोक पाडलं ते फांदीच्या खालच्या बाजूने. घराचं दार जमिनीकडे उघडतं, म्हणजे वरून पडणारं पाणी आत शिरायला नको. भांडी विसळता विसळता मी हे काम रोज पाहत होते. भुसा खाली पडायचा, मग चोचीत भरून आणून बाहेर टाकला जायचा, की पुन्हा ठोकाठोक.

तांबटाचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. टुक, टुक, टुक, टुक. भर उन्हात, एकाच लयीत, कंटाळा न येता. पण तो पक्षी चोच मिटून ओरडतो हे मला त्या खिडकीतूनच कळलं. चोच बंद, गळ्याची पिशवी फुगते, आणि प्रत्येक ठोक्याला डोकं हलतं. दर ठोक्याला मान थोडी वेगळ्या दिशेला वळते, म्हणून आवाज कधी डावीकडून आला असं वाटतं, कधी उजवीकडून, आणि शोधणारा फसतो.

हे नाव ज्याने कुणी ठेवलं, त्याने हा आवाज किती नीट ऐकला असेल! पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या हंड्या-बंबांवर मठारकाम चालतं. हातोडीचा एक ठोका, भांडं जरासं फिरवायचं, पुन्हा ठोका. आळीतून चालत गेलं की कानावर पडतं ते हेच: समान अंतराने येणारं, धातूचं, न थांबणारं. माझ्या भाचीने पक्षी आधी ऐकला आणि तांबट आळी नंतर पाहिली. ती म्हणाली, “मावशी, हे तर त्या पक्ष्यासारखं वाजतंय!” तिच्यासाठी नाव उलट्या बाजूने उलगडलं.

तेव्हापासून मला वाटू लागलं की मराठीतली पक्ष्यांची नावं म्हणजे आपल्या आधी होऊन गेलेल्या माणसांच्या नोंदवह्या आहेत. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, वही नव्हती. पाहिलं ते नावात ठेवलं. पाणवठ्याच्या दगडावर शेपूट वरखाली आपटणाऱ्या पक्ष्याला कुणीतरी धोबी म्हटलं. कावळ्यांना, घारींना हुसकावून लावणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी कोतवाल झाला. आणि खरोखरच हळद्यासारखे पक्षी त्याच्या घरट्याच्या आसपास घरटं बांधून त्याच्या पहाऱ्याचा फायदा घेतात. शिंप्याचं घरटं मला एकदा गच्चीवरच्या कुंडीत सापडलं. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओढून घेतलेले. गाठ कुठेच नाही. धाग्याचं टोक भोकातून बाहेर येऊन पिंजारलेलं असतं, त्यामुळेच ते मागे सरकत नाही. मी त्या दोन पानांकडे पाहत किती वेळ उभी होते कोण जाणे.

मारुती चितमपल्लींनी वनखात्यात उभी हयात घालवली आणि रानातल्या माणसांकडून अशी नावं वेचून ‘पक्षिकोशा’त आणली. त्या कामाचं मोल मला शब्दसंग्रहापेक्षा फार मोठं वाटतं. एक नाव वापरातून गेलं की त्यामागचं पाहणंही जातं.

मात्र पाहण्यात चूक होते, आणि मग ती चूकही नावात जाऊन बसते. वसंतात कुहू कुहू करतो तो काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा घाईचा. तरी आपल्या तोंडी गाते ती कोकिळाच. सुगरणीचं तर त्याहून मोठं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारी ती घरटी पाहून आपण इतके भारावलो की विणणारी बाईच असणार हे धरून चाललो. बहिणाबाईंनीही त्या खोप्यात आईचं कष्टाळू काळीज पाहिलं, आणि ती कविता मला आजही तितकीच खरी वाटते. पण घरटं विणतो नर.

हे ज्या पाहण्यातून स्पष्ट झालं ती गोष्ट मला फार जवळची आहे. १९३० साली सालिम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा त्यांची मुंबईतली नोकरी राहिली नव्हती. खर्च परवडेना म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराशेजारच्या झाडावर सुगरणींची वस्ती होती. पावसाळाभर त्यांनी तीच पाहिली. नर गवताच्या पात्या सोलून आणतो, घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती राहते आणि नर उरलेलं घरटं पुरं करतो. ते झालं की तो दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हजारो वर्षं माणसांच्या डोळ्यांसमोर लटकत असलेल्या घरट्यांची ही रीत, आणि ती नीट समजायला एका माणसाला एकाच झाडाखाली एक पावसाळा बसावं लागलं.

मी भिगवणला रोहित पाहायला जाते. उजनीच्या पाण्यावर ते गुलाबी थवे उठतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण रोहिताला मी वर्षातून दोन तास भेटते. तो काय करतो ते पाहते, काय करायचं सोडतो ते मला कळणार नाही. शेवग्यावरचा बुलबुल आज आला नाही, हे मात्र मला कळतं. रोज दिसणाऱ्या पक्ष्याचं न दिसणं दिसू लागतं, आणि माझ्या लेखी पक्षीनिरीक्षण तिथून सुरू होतं.

अशा रोजच्या पाहण्याला वजनही असतं. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. कोकीळ आणि मोर वाढताना दिसतात. तारेवर बसलेला, उडाला की निळाईचा पंखा उघडणारा नीलपंख कमी होतो आहे. या नोंदी करणाऱ्यांत शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसं, गृहिणीही असतात. कुणीतरी गावाच्या वेशीवर नीलपंख पाहिला आणि लिहिला, कुणाला तो दिसला नाही म्हणून यादीत आला नाही. दोन्हींची बेरीज झाली तेव्हा हे समजलं.

त्या वर्षी तांबटाची पिल्लं भोकातून डोकं बाहेर काढू लागली तेव्हा मी रोज सकाळी आधी खिडकीत जायची. ती उडून गेली. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीने झाडांची छाटणी काढली आणि वाळकी म्हणून ती फांदी सगळ्यात आधी गेली. छाटणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाळक्या लाकडात कुणाचं घर असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. आता छाटणी निघाली की मी खाली जाऊन उभी राहते. जिथून कुणाच्या डोक्यावर पडण्याची भीती नाही अशी एखादी वाळकी फांदी मागून घेते. कुणी नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी मागच्या पांगाऱ्यावर अशी एक राहिली आहे. अजून तिला भोक पडलेलं नाही.

आमच्या कालनिर्णयावर दुधाच्या आणि गॅसच्या खाडाखोडीत माझ्या काही नोंदी असतात. ‘कोकीळ पहिल्यांदा.’ ‘शिंपी, कुंडी.’ आणि सप्टेंबरात कुठल्यातरी चौकोनात ‘धोबी आला.’ हा राखी धोबी हिमालयातून, कदाचित त्याहून उत्तरेकडून येतो. मूठभर अंग, पोट पिवळं, आणि येऊन उतरतो तो आमच्या गच्चीवर, टाकीखालच्या ओलाव्यात. पहिल्या दिवशी तो इकडून तिकडे तुरुतुरु धावतो, थांबतो, शेपूट आपटतो. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. त्या तारखा एकमेकींपासून फार लांब नाहीत.

परवा पान उलटलं. सकाळी चहा टाकून मी गच्चीवर एक चक्कर मारते, टाकीखाली पाणी साचलंय का बघते. साचलेलं आहे. चौकोन अजून रिकामे आहेत.